यंत्र आणि गृहस्थ : जुन्या जीपचा एक लहानसा बुश

यंत्रांच्या बाबतींत मोठ्या वस्तूंचा बोभाटा फार होतो आणि लहान वस्तूंची उपेक्षा होते. इंजिन, गिअरबॉक्स, टायर यांची विचारपूस प्रत्येक वाहनधारक करतो. परंतु इंजिनाच्या पाठीमागें, क्रँकशाफ्टच्या शेवटच्या टोंकांतील भोंकांत बसविलेली एक लहानशी धातूची नळी असते, तिचें नांवहि पुष्कळांनीं ऐकलेलें नसतें. कारागीर तिला पायलट बुश म्हणतात. कांहीं गाड्यांत तिच्या जागीं गोळ्यांचें किंवा सुयांसारख्या बारीक रुळांचें बेअरिंग असतें; त्यास पायलट बेअरिंग म्हणतात. नांव कोणतेंहि असो, काम एकच.

या विषयावर लिहिण्यास खालापूर तालुक्यांतील एका वाचकबंधूंचें पत्र निमित्त झालें आहे. त्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची जुनी जीप आहे. गाडी उभी असतांना क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर घातला कीं चिरचिर आवाज येतो. गेल्या पावसाळ्यापासून पहिला व मागचा गिअर पडतांना खरखर होते, आणि कधीं कधीं तर क्लच दाबलेला असूनहि गाडी आपण होऊन पुढें रेटते. एका दुरुस्तीशाळेंत त्यांना सबंध गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च झेपत नसेल तर गाडी मोडींत काढावी, असेंहि सांगण्यांत आलें. ही जीप केवळ हौसेची असती तर प्रश्न सोपा होता. परंतु डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या त्यांच्या गांवांतून रात्रीअपरात्रीं आजारी माणसास खोपोलीस पोंचविण्याचें काम आजवर तिनेंच केलें आहे. 'गाडी ठेवावी कीं काढावी?' एवढाच त्यांचा प्रश्न आहे. पण त्याच्या उत्तरावर एका कुटुंबाचेंच नव्हे, तर एका वाडीचें सोय-गैरसोयीचें गणित अवलंबून आहे. म्हणून त्याचा विचार सविस्तर करूं.

कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे जोडतालुके. कर्जतेस उल्हास आणि पेज, खालापुरास पाताळगंगा. थोर यंत्रविद्येची ओळख या भूमीस फार जुनी आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. टाटांचीं जलविद्युत्केंद्रें खोपोलीस १९१५ सालीं आणि भिवपुरीस १९२२ सालीं सुरू झालीं. आज द्रुतगति मार्गावरून मोटारींचा अखंड ओघ घाट चढत असतो. परंतु या हमरस्त्यापासून कोस-दोन कोस आंत शिरलें, कीं पावसाळ्यांत भातखाचरांचा चिखल, फुगलेले ओढे आणि डोंगरवाडीकडे जाणारी दगडगोट्यांची वाट यांचेंच राज्य असतें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या अंगावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्या वेळीं साहाय्यास धांवलेल्या पथकांस पायथ्यापासून पायींच चढावें लागलें, हें वाचकांस स्मरत असेल. जेथें रस्ताच संपतो तेथें कोणतेंहि वाहन निरुपयोगी. पण जेथपर्यंत वाट जाते तेथपर्यंत भरंवशाची गाडी असणें हें या भागांत किती मोलाचें आहे, तें निराळें सांगावयास नको.

जीप या भूमीस मानवली याचें कारणहि हेंच. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनीं सैन्यासाठीं ही गाडी लाखोंनीं बनविली. आपल्याकडे १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या पेढीनें, जी १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र झाली, विलिस जीपांचे सुटे भाग आणून मुंबईस त्या जोडण्याचा उद्योग आरंभिला. १९५३ सालीं अमेरिकेंत निघालेली उंच नाकाची सीजे-थ्री-बी जीप तिकडे १९६८ सालीं बंद झाली. परंतु भारतांत त्याच घडणीच्या गाड्या पुढें कित्येक वर्षें निघत राहिल्या, आणि कालांतरानें त्यांत डिझेल इंजिनें बसविण्यांत आलीं. इंजिनें बदललीं, तरी क्लचचें तत्त्व तेंच राहिलें. म्हणून येथें सांगितलेली रीत थोड्याफार फरकानें या सर्व घराण्यास लागू पडते.

आतां या बुशाचें काम काय तें पाहूं. आपल्या घरांतील जातें डोळ्यांपुढें आणावें. खालची तळी स्थिर असते; तिच्या मध्यावरील खिळीभोंवतीं वरचा दगड फिरतो. ती खीळ झिजली तर वरचा दगड लडबडतो, एका अंगास घांसतो, आणि पीठ जाडेंभरडें पडतें. दगड उत्तम असून भागत नाहीं. मध्य सांभाळणारी खीळ धड पाहिजे. क्लचमध्यें हीच स्थिति आहे. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट मागल्या बाजूस गिअरबॉक्सच्या बेअरिंगावर तोललेला असतो, आणि त्याचें पुढचें निमुळतें नाक क्रँकशाफ्टमधील या पायलट बुशांत शिरलेलें असतें. क्लचप्लेट या शाफ्टच्या खांचांवर बसलेली असून ती इंजिनाचें फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या चिमटींत असते.

पायदान वर असतांना चिमटी घट्ट असते. क्रँकशाफ्ट, बुश आणि शाफ्ट हीं तिन्ही एकाच वेगानें फिरतात, आणि बुशास कांहीं काम नसतें. पायदान दाबलें कीं चिमटी सुटते. गाडी उभी असून गिअर पडलेला असेल तर शाफ्ट पूर्ण थांबतो, क्रँकशाफ्ट मात्र फिरत राहतो. आणि या दोहोंतील सर्व घर्षण त्या लहानशा बुशावर येतें. तो झिजला तर शाफ्टचें नाक हेलकावतें, प्लेट मध्यावरून सरकते, आणि मागच्या बेअरिंगावर व गिअरच्या दांत्यांवर वांकडा भार पडतो. तो कोरडा पडून नाकास चिकटला, तर प्लेट सुटली तरी शाफ्ट क्रँकशाफ्टबरोबर फिरतच राहतो. मग गिअर खरखरतात आणि गाडी पुढें रेटते. उतारावर, ओढ्याच्या कांठीं किंवा पुढें माणूस उभा असतांना असें झालें तर त्याचा अर्थ काय, तें वाचकांनींच ताडावें. ही केवळ आवाजाची कुरकुर नव्हे. जिवाशीं गांठ आहे.

परंतु निदानापूर्वीं औषध देऊं नये. क्लचच्या परिसरांतून येणारे आवाज तीन प्रकारचे असतात आणि कान शहाणा असेल तर ते निवडतां येतात. गाडी न्यूट्रलमध्यें असतांना, पायदान वर असतां आवाज येतो आणि दाबतांच जातो, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगाचा. पायदान हलकेंच दाबूं लागतांच, मोकळी चाल संपण्याच्या ठिकाणीं, आवाज सुरू होतो, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगाचा. आणि पायदान पूर्ण दाबून, गिअर घालून, गाडी जागेवर उभी असतांना आवाज सर्वांत मोठा होतो, तर तो बहुधा पायलट बुशाचा. कारण त्याच वेळीं त्याच्यावरील घर्षण सर्वाधिक असतें. ही परीक्षा सपाट जागीं, चाकांस उटी लावून, हातब्रेक ओढून आणि पुढेंमागें कोणी उभें नाहीं असें पाहूनच करावी.

गिअर खरखरण्यास दुसरींहि कारणें असतात. पायदानाची मोकळी चाल वाजवीपेक्षां अधिक झाली असेल, सांधे झिजले असतील, किंवा गाडी पावसाळाभर उभी राहून प्लेट गंजानें फ्लायव्हीलला चिकटली असेल, तरीहि लक्षण असेंच दिसतें. तेव्हां प्रथम पायदान आणि त्याचे सांधे तपासावे. यास वेळ थोडा आणि पैसा जवळजवळ मुळींच लागत नाहीं. त्यानेंहि गुण न आला तरच गिअरबॉक्स उतरवावा. पत्रलेखकांच्या गाडींत चिरचिर आधीं आणि खरखर मागाहून, असा क्रम आहे. यावरून बुश प्रथम कोरडा पडला व नंतर धरूं लागला, असें अनुमान निघतें. गिअरबॉक्स बदलण्याचें कारण आम्हांस त्यांत दिसत नाहीं. उलट, बुश न बदलतां नवा गिअरबॉक्स बसविला तर त्याच्याहि शाफ्टाची तीच गति होईल.

आतां प्रत्यक्ष काम. हें एकट्यानें करण्याचें नव्हे. जीपचा गिअरबॉक्स आणि त्यास जोडलेली चार चाकांची पेटी मिळून भलताच बोजा होतो. जाणता मिस्त्री आणि एक धडधाकट मदतनीस पाहिजेच. गाडी पक्क्या जमिनीवर घ्यावी, भक्कम घोड्यांवर उचलून ठेवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कधींहि शिरूं नये. बॅटरीची तार सोडावी. पायांखालचा पत्रा, गिअरच्या दांड्या, पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट, क्लचचे सांधे हें सर्व क्रमानें सोडवावें, आणि प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या वाटींत, चिठ्ठी घालून ठेवावे. जुन्या जीपांत इंजिनाची मागची बाजू गिअरबॉक्सखालील आडव्या पट्टीवर टेकलेली असते. ती पट्टी काढण्यापूर्वीं इंजिनास खालून लांकडी ठोकळा व जॅक यांचा आधार द्यावा, हें विसरूं नये.

गिअरबॉक्स सरळ मागें ओढावा. शाफ्ट प्लेटच्या खांचांत असेपर्यंत बोजा क्षणभरहि लोंबकळूं देऊं नये. तसें झाल्यास प्लेटचा मध्य वांकतो. नंतर प्रेशर प्लेट व फ्लायव्हील यांवर एकमेकांसमोर खूण करावी, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक सबंध न काढतां समोरासमोरचे थोडेथोडे ढिले करीत जावें. आंत सांचलेली भुकटी फुंकूं नये कीं हवेच्या झोतानें उडवूं नये. जुन्या क्लचप्लेटांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें आणि तें फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें पिशवींत बांधून टाकावें, आणि मुलांना त्या दिवशीं तेथें फिरकूं देऊं नये.

आतां तो बुश दिसूं लागेल. काढण्यापूर्वीं तो किती खोल बसला आहे तें मोजून लिहून ठेवावें. त्यास ओढून काढण्याचें पुलर नांवाचें हत्यार मिळतें. पण तें नसलें तरी अडत नाहीं. क्रँकशाफ्टचें भोंक मागून बंद असेल तर जुन्या कारागिरांची एक युक्ति उत्तम चालते. भोंकांत, बुशाच्या पाठीमागें, ग्रीस ठासून भरावें. बुशांत जेमतेम शिरेल अशा जाडीचा एक गुळगुळीत लोखंडी दांडा लेथवर काढून घ्यावा. तो आंत घालून हातोडीचे ठोके द्यावे. ग्रीस दबत नाहीं, त्यास जाण्यास वाट नसते. म्हणून तें बुशाच्या पाठीवर दाब देतें आणि बुश ठोक्याठोक्यानें बाहेर सरकतो. मध्यें दांडा सैल लागूं लागला कीं पुन्हां ग्रीस भरावें. डोळ्यांस चष्मा लावावा, कारण ग्रीस उडतें. कांहीं जण ग्रीसऐवजीं भिजविलेल्या कागदाचा लगदा वापरतात. तोहि चालतो आणि साफसफाई सोपी जाते. काम झाल्यावर भोंक पूर्ण स्वच्छ करावें. ग्रीसचा अंश राहिल्यास तें तापून क्लचप्लेटवर येतें आणि क्लच सरकूं लागतो.

नवा बुश घेतांना दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहूं नये. जुना बुश आणि गाडीचा नमुना घेऊन जावें, आणि बरोबर एक लोहचुंबक न्यावा. चुंबक चिकटला तर बुशांत लोखंड आहे असें समजावें. लोखंडी भुकटीचा असा स्वस्त बुश शाफ्टच्या नाकास लौकर खातो. बुश दोन प्रकारचे मिळतात. एक, धातूची भुकटी दाबून व भाजून केलेला, ज्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरलेलें असतें. हा बसविण्यापूर्वीं इंजिनच्या तेलांत रात्रभर बुडवून ठेवावा. त्यांत तेल भरून दोन्ही तोंडें अंगठा व बोट यांनीं दाबलीं असतां बाहेरच्या अंगावर घामासारखे तेलाचे थेंब दिसूं लागतात. हीच त्याची परीक्षा. अशा बुशास ग्रीस लावूं नये, कारण तें छिद्रें बुजवितें. दुसरा, गनमेटलच्या कांबीवरून लेथवर काढलेला. यास छिद्रें नसतात, म्हणून ग्रीसचा अगदीं पातळ हात द्यावा लागतो. दोन्ही मिळत असतील तर पहिला घ्यावा. ज्या गाडीस मुळांत गोळ्यांचें किंवा सुयांचें बेअरिंग आहे, तींत तेंच बसवावें. तेथें झांकणाची बाजू गिअरबॉक्सकडे ठेवावी.

बसवितांना बुश किंवा बेअरिंग घरच्या शीतपेटींत चार-सहा तास ठेवलें तर तें किंचित् आकसतें आणि सुखानें बसतें. येथें गृहस्वामिनीची अनुज्ञा आधीं घ्यावी आणि वस्तु झांकणाच्या डब्यांत ठेवावी. विरजणाच्या भांड्याशेजारीं तेलकट धातु ठेवून घरांत वाद ओढवून घेण्यासारखा हा प्रसंग नाहीं. बुश सपाट तोंडाच्या दांड्यानें सरळ, हलक्या ठोक्यांनीं, मापून ठेवलेल्या खोलीइतकाच बसवावा. बेअरिंग असल्यास दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यावा. आंतल्या कड्यावर एक ठोका पडला तरी तें बसण्यापूर्वींच निकामी झालें असें समजावें. बसविल्यावर बुशाचें भोंक किंचित् आवळतें, म्हणून शाफ्टचें नाक, किंवा त्याच मापाचा दांडा, आंत घालून पाहावा: हातानें सहज फिरला पाहिजे, पण डुगडुगतां कामा नये. शाफ्टचें नाक स्वतः खांचलेलें असेल तर नवा बुशहि फार दिवस टिकणार नाहीं; तेव्हां तेंहि तपासावें.

इतकें उतरविल्यावर रिलीज बेअरिंग, क्लचप्लेट आणि इंजिनाच्या मागच्या तोंडाची तेलगळती यांवर एक नजर टाकावी. या कामांत मोल वस्तूचें थोडें आणि उतरविण्या-चढविण्याच्या श्रमाचें फार असतें. सहा महिन्यांनीं रिलीज बेअरिंगसाठीं पुन्हां तोच खटाटोप करण्यापेक्षां तें आतांच बदललेलें शहाणपणाचें. प्लेट बसवितांना तिची उंच मधली बाजू कोणीकडे होती तें ध्यानांत ठेवून तशीच बसवावी. जुना गिअर-शाफ्ट किंवा लांकडी खुंटी प्लेटमधून बुशांत घालून प्लेट मध्यावर आणावी आणि मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडेथोडे आवळावे. गिअरबॉक्स चढवितांना एकच नियम: तो हातानें जागेवर बसला पाहिजे. बसत नसेल तर बोल्टांनीं ओढून बसवूं नये. असें ओढल्यानें नवा बुश चेंगरतो, आणि दिवसभराचे कष्ट पाण्यांत जातात. शेवटीं पायदानाची मोकळी चाल लावावी. जुन्या विलिस घडणीच्या जीपांत ती सुमारें एक इंच ठेवतात. आपल्या गाडीची पुस्तिका असेल तर तिचाच आंकडा प्रमाण मानावा.

या भागांत हा बुश लौकर जातो याचें कारण पाणी आहे. ओढ्यांतून गाडी नेली कीं गढूळ पाणी क्लचच्या कवचांत शिरतें. पाणी निघून जातें, गाळ राहतो, आणि बुशांतलें तेल धुपतें. म्हणून पाण्यांत शिरण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा आणि पलीकडे पोंचेपर्यंत क्लचला पाय लावूं नये. पाण्यांत क्लच दाबला कीं गाळ प्लेटच्या फटींत जातो. कवचाच्या तळाशीं असलेलें निचऱ्याचें भोंक चिखलानें बुजलेलें नाहीं ना, हें मधून मधून काडी घालून पाहावें. आणि ओढा गढूळ होऊन जोरानें वाहत असेल, तर जीप किती समर्थ आहे याची परीक्षा घेऊं नये. पाणी ओसरेपर्यंत थांबावें.

आमच्या सुशिक्षित घरांत एक समजूत अजून गेलेली नाहीं, कीं पाना-हातोडी धरणें हें दुसऱ्याचें काम आणि पैसा देणें हें आपलें. या समजुतीनें दोन तोटे होतात. घरच्या वस्तूचें मर्म आपणांस कळत नाहीं, म्हणून कोणी गिअरबॉक्स बदला म्हटलें तर 'कां?' असें विचारण्याचें बळ उरत नाहीं; आणि जो मिस्त्री खरोखर जाणता आहे, त्याची पारख करून त्यास मान देण्याचेंहि आपणांस साधत नाहीं. काम मिस्त्रीच्याच हातून करवावें. पण आपण जवळ उभें राहावें, मापें स्वतः लिहावीं, आणि घरांतील मुलगा-मुलगी दोघांसहि बुशांतून घामासारखे येणारे तेलाचे थेंब दाखवावे. पदार्थविज्ञानाचा तो धडा पुस्तकांतल्या धड्यापेक्षां अधिक दिवस टिकेल.

तेव्हां पत्रलेखकांस आमचें उत्तर असें: गाडी मोडींत काढूं नये. प्रथम पायदानाचे सांधे तपासावे. दोष तेथें नसल्यास बुश, रिलीज बेअरिंग आणि लागल्यास क्लचप्लेट बदलावी. गिअरबॉक्स उतरल्यावर त्याचा पुढचा शाफ्ट हातानें हलवून पाहावा. तो लक्षांत येण्याइतका डुगडुगत असेल तर त्याचें बेअरिंगहि त्याच वेळीं बदलावें. हें होईपर्यंत गाडी उतारावर किंवा गर्दींत नेऊं नये. कोंकणांत आगोटीपूर्वीं आपण लांकूडफांटा भरतों, पापड-कुरडया वाळवितों, छपराचीं कौलें चाळतों. ज्या घरची जीप वाडीच्या उपयोगी पडते, त्या घरानें मृगापूर्वींच्या या यादींत क्लचची तपासणीहि घालावी.